पुंगळीची जबानी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेमबाजीचा अथवा शिकारीचा छंद असलेले असंख्य नागरिक आपली काडतुसे बाजारातून तयार विकत न घेता घरच्या मेजावर स्वहस्ते भरतात. एकवार झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी जपून ठेवावयाची, साच्यात दाबून ती मूळ मापावर आणावयाची, बुडातील जळालेला प्राइमर काढून त्या जागी नवा बसवावयाचा, तराजूवर तोललेली धूम्रहीन दारू आत ओतावयाची आणि अखेरीस मुखाशी नवी गोळी दाबून बसवावयाची, असा हा उद्योग असून तो तेथे कायद्यास मान्य, पिढ्यान्‌पिढ्यांचा आणि एक प्रकारे प्रतिष्ठेचाही मानला जातो. काटकसर हा त्यातील एक हेतू. आपल्या विशिष्ट रायफलीस मानवेल असे काडतूस सिद्ध करून अचूकता साधावी, हा दुसरा आणि खऱ्या हौशी माणसाच्या दृष्टीने अधिक मोलाचा हेतू. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास मनाई असल्यामुळे हा छंद महाराष्ट्रातील सामान्य वाचकाच्या अनुभवातला नाही. तरीही त्याविषयी येथे लिहावेसे वाटते, ते दोन कारणांनी. परदेशी स्थायिक झालेल्या ज्या मराठी मंडळींनी हा छंद जवळ केला असेल त्यांच्या हाताबोटांची आणि डोळ्यांची मला काळजी वाटते, हे एक; आणि जे प्रत्यक्ष मोजता येते ते न मोजता त्याच्या बाह्य खुणांवरून अनुमान बांधून निर्धास्त होण्याची जी मनुष्यस्वभावातील खोड आहे, तिचे इतके स्पष्ट आणि इतके धोक्याचे उदाहरण मला अन्यत्र क्वचितच आढळले, हे दुसरे.

काडतुसे भरणाऱ्यांत एक शिरस्ता पूर्वापार चालत आलेला आहे. दारूचे माप थोडेथोडे वाढवीत जावयाचे, प्रत्येक मापाची काही काडतुसे झाडावयाची, आणि बाहेर पडलेल्या पुंगळ्या हाती घेऊन त्यांवर अतिदाबाच्या खुणा उमटल्या आहेत काय हे न्याहाळावयाचे. खुणा दिसू लागल्या की एक पायरी मागे यावयाचे आणि तेच आपल्या रायफलीचे सुरक्षित कमाल माप समजावयाचे. माझे स्पष्ट मत असे आहे की, ही रीत कोणत्याही रायफलीच्या बाबतीत अपुरी असून अर्धस्वयंचलित रायफलीच्या बाबतीत ती सर्वस्वी त्याज्य आहे.

हे मत का, ते समजण्यासाठी नळीत काय घडते याची थोडी कल्पना हवी. चाप ओढला म्हणजे प्राइमर पेटतो, त्याच्या ज्वाळेने दारू जळू लागते, आणि सेकंदाच्या सहस्रांशाहूनही कमी अवधीत नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसते त्या चेंबरमधील वायूचा दाब शिखरास पोहोचतो. अमेरिकेत काडतुसांची मानके ठरविणारी, १९२६ साली स्थापन झालेली ‘सामी’ ही उत्पादकांची संस्था .२२३ रेमिंग्टन या काडतुसासाठी चौरस इंचास ५५,००० पौंड, तर .३०८ विंचेस्टरसाठी ६२,००० पौंड इतका सरासरी कमाल दाब मान्य करते. पहिला आकडा आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे ३,७०० पट आहे. पुंगळी साधारणतः सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या मिश्रणाची असते. दाब चढताच ती फुगून चेंबरच्या भिंतीस घट्ट चिकटते व वायूला मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरताच किंचित आकसून मोकळी होते. या क्षणिक मिठीत वायूच्या मागे आणि नेमबाजाच्या चेहऱ्याच्या पुढे काय असते, तर पुंगळीचे बूड आणि त्यामागील पोलादी बोल्ट, एवढेच. त्यात भर अशी की, धूम्रहीन दारू जसजसा दाब वाढतो तसतशी अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळाली म्हणजे दाब आणखी वाढतो. मापातील वाढ आणि दाबातील वाढ यांचे प्रमाण त्यामुळे सरळ राहत नाही; कमाल मापाच्या आसपास दारूची एखादी चिमूट जेवढी भर घालते तेवढी ती खालच्या मापाला घालीत नाही.

आता त्या प्रसिद्ध खुणा. प्राइमरची गोलसर कड सपाट होणे, फायरिंग पिनच्या खळग्याभोवती ज्वालामुखीच्या मुखासारखी उंच कड उठणे, प्राइमर आरपार फुटणे, पुंगळीच्या बुडावर तिला बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरच्या भोकाची चकचकीत गोल खूण उमटणे, बुडाचा घेर वाढणे, प्राइमरची खोबण सैल होणे, आणि हाताने बोल्ट उघडावयाच्या रायफलीत तो जड लागणे. ही यादी खोटी नाही. दाब पितळाच्या सोसण्यापलीकडे गेला की यांपैकी एक वा अनेक चिन्हे बहुधा दिसतातच. प्रश्न असा की, चिन्ह दिसले म्हणजे दाब अधिक होता असे म्हणता येईल काय, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चिन्ह दिसले नाही म्हणजे दाब मर्यादेत होता असे म्हणता येईल काय. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे.

सपाट झालेल्या प्राइमरचेच घ्या. पुंगळी चेंबरमध्ये जरा आखूड पडत असेल, म्हणजे साच्यात दाबताना तिचा खांदा प्रमाणाबाहेर मागे ढकलला गेला असेल, तर फायरिंग पिनच्या धक्क्याने ती पुढे सरकते, प्राइमर खोबणीतून अंशतः मागे येतो व त्याची कड पसरते, आणि दाब वाढताच पुंगळीचे बूड मागे येऊन त्या पसरलेल्या प्राइमरला बोल्टवर चेपते. दाब अगदी माफक असतानाही असा प्राइमर पुरता सपाट दिसतो. भरणारा त्याकडे पाहून दारू कमी करतो, आणि ज्या साच्याच्या चुकीने हे घडले ती चूक तशीच राहून काही वेळा भरून झाडल्यानंतर पुंगळी बुडाजवळ दुभंगते. खळग्याभोवतीची कड बोल्टमधील पिनचे भोक सैल असले तरी उठते. प्राइमरच्या टोपीची जाडी तर कारखान्यागणिक आणि प्रकारागणिक भिन्न असते. त्याच मापाच्या दारूवर एका बनावटीचा पातळ टोपीचा प्राइमर फुटेल आणि दुसऱ्या बनावटीचा जाड टोपीचा प्राइमर नव्यासारखा गुळगुळीत राहील. अर्धस्वयंचलित रायफलीत ही दुसरी शक्यता अधिक संभवते, कारण तेथे जाड टोपीचे, लष्करी धर्तीचे प्राइमर वापरण्याचा सल्ला दिला जातो आणि तो योग्यही आहे: एआर–१५ किंवा एम–१ गॅरंड यांसारख्या रायफलींत फायरिंग पिन मोकळी असते, बोल्ट झपाट्याने मिटताना ती स्वतःच्या गतीने प्राइमरवर हलकी टिचकी मारते, आणि प्राइमर फार नाजूक असेल तर चाप न ओढताच फैर झडण्याचा धोका उद्भवतो. म्हणजे एका धोक्याच्या निवारणार्थ जी जाड टोपी घेतली, तीच दुसऱ्या धोक्याची खूण झाकून टाकते.

अर्धस्वयंचलित रायफलीचे वैशिष्ट्य असे की, ती आपल्याच वायूच्या बळावर उघडते, पुंगळी फेकते आणि नवे काडतूस चेंबरमध्ये घेते. नळीला वाटेत एक बारीक छिद्र असते; गोळी त्या छिद्रापुढे गेली की वायूचा काही भाग तेथून वळतो आणि बोल्ट मागे ढकलण्याच्या कामी लागतो. आपल्याकडील पोलीस पहाऱ्यावर जी ७.६२ मिलिमीटरची ‘एसएलआर’ वर्षानुवर्षे दिसत आली, ती ज्या बेल्जियन एफएन–फाल रायफलीवरून घडविली गेली, तिच्या वायुनळकांड्याभोवती एक फिरते कडे असते आणि त्यायोगे किती वायू बाहेर सोडावयाचा व किती कामास लावावयाचा हे सैनिकास ठरविता येते. अशी तजवीज करावी लागली यातच या यंत्राचे मर्म आहे: वायू कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही, अधिक झाला तर तो वेळेआधी आणि अनावर वेगाने मागे जातो.

या रचनेचा पहिला परिणाम असा की, हाताने बोल्ट उघडणाऱ्यास जो सर्वांत प्रामाणिक इशारा मिळतो, म्हणजे दांडा उचलताना तळव्यास जाणवणारा जडपणा, तो येथे मुळीच मिळत नाही. चिकटलेली पुंगळी वायूच्या रेट्याने ओढून काढली जाते आणि नेमबाजाला त्याची वार्ताही लागत नाही. कधी पुंगळीची कड फाटते, कधी वाकते, पण पुष्कळदा काहीच दिसत नाही. दुसरा परिणाम याच्या नेमका उलट आहे. बोल्ट वेळेआधी वळू लागला, तर पुंगळी अद्याप चेंबरच्या भिंतीस धरून असतानाच त्याचे तोंड तिच्या बुडावरून घासत जाते, आणि इजेक्टरच्या भोकात शिरू पाहणारे पितळ खरवडले जाऊन बुडावर चकचकीत ओरखडा उठतो. हा ओरखडा अतिदाबाची खूण म्हणून सांगितला जातो. वस्तुतः छिद्र प्रमाणापेक्षा मोठे असणे, आखूड वायुनलिकेमुळे छिद्र चेंबरच्या जवळ असणे, किंवा मागील स्प्रिंग व बफर हलके असणे, यांपैकी कोणत्याही कारणाने तो उमटू शकतो, आणि त्या वेळी चेंबरमधील दाब पूर्णपणे मान्य मर्यादेत असू शकतो. पुंगळी समोरच्या दिशेने फेकली गेली म्हणजे दाब वाढला असे म्हणणारेही भेटतात. त्यावरून बोल्टची गती कळते, चेंबरमधील शिखरदाब कळत नाही. तात्पर्य, यंत्राची वेळ चुकली याची साक्ष आणि चेंबरमधील दाब वाढला याची साक्ष या पितळावर एकाच जागी, एकाच हस्ताक्षरात लिहिल्या जातात.

चेंबरमधील शिखरदाब आणि छिद्राशी असलेला दाब या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे केवळ घरच्या मेजावरचा छंदिष्टच विसरतो असे नाही. एका महासत्तेच्या लष्करी दफ्तराने ते विसरून आपल्या तरुण सैनिकांना त्याची किंमत मोजावयास लावली, तो इतिहास येथे सविस्तर सांगण्यासारखा आहे. युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत १९५० च्या दशकात रचलेली एआर–१५ रायफल ड्युपाँ कंपनीच्या दंडाकृती कणांच्या ‘आयएमआर’ जातीच्या दारूवर बेतलेली होती. पुढे ती एम–१६ या नावाने अमेरिकी लष्कराने स्वीकारताना गोळीचा वेग सेकंदास ३,२५० फूट असावा आणि चेंबरमधील दाब ठराविक मर्यादेत राहावा, अशी अट घालण्यात आली. मूळ दारूने तो वेग गाठताना दाब मर्यादेला भिडू लागला. सबब १९६४ च्या सुमारास ऑलिन कंपनीची गोलकणी ‘डब्ल्यूसी–८४६’ ही दारू मान्य करण्यात आली; तिने वेगही साधला आणि चेंबरचा दाबही मर्यादेत ठेवला. कागदावर सर्व काही ठीक झाले. परंतु ही दारू निराळ्या लयीत जळते. गोळी वायुछिद्रापाशी पोहोचते त्या क्षणी या दारूचा दाब जुन्या दारूपेक्षा अधिक होता. परिणामी बोल्ट अधिक जोराने व लवकर मागे जाऊ लागला, सलग फैरींचा वेग मिनिटास ८५० ही विहित मर्यादा ओलांडू लागला, आणि पुंगळी चेंबरला चिकटून असतानाच तिच्या कडेला हिसका बसू लागला. त्यात त्या दारूतील कॅल्शियम कार्बोनेटचा साका, क्रोमचा मुलामा नसलेल्या चेंबरांना व्हिएतनामच्या दमट हवेत चढणारा गंज, आणि साफसफाईच्या साहित्याचा व शिकवणुकीचा अभाव यांची भर पडली. पुंगळ्या अडकू लागल्या; नळीत पुढून गज घालून त्या बाहेर काढण्याची पाळी ऐन चकमकीत सैनिकांवर आली, आणि उघडलेल्या निकामी रायफलीशेजारी मेलेले सैनिक सापडले.

रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने १९६७ च्या ऑक्टोबरात आपला अहवाल दिला आणि दारूच्या या बदलाबद्दल लष्करी व्यवस्थेला कठोर दोष दिला. त्या चौकशीत उघड झालेली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. नव्या दारूवर रायफली फैरींच्या वेगाच्या कसोटीस उतरत नाहीत असे उत्पादकाने कळविल्यावर, कारखान्यातील स्वीकारचाचणी जुन्या दारूच्या काडतुसांवर घेण्याची मुभा त्यास देण्यात आली, आणि रणांगणावर मात नव्या दारूची काडतुसे जात राहिली. पुढे बफर बदलला, चेंबरला क्रोमचा मुलामा आला, दारूतील कॅल्शियम कार्बोनेट घटविण्यात आले आणि ती रायफल विश्वासार्ह झाली. पण मधल्या काळातले मृत परत आले नाहीत. लक्षात घ्यावयाचे ते असे की, या प्रकरणात चेंबरचा शिखरदाब मंजूर मर्यादेच्या आत होता, प्राइमर सपाट झाल्याची तक्रार मुख्य नव्हती, आणि तरीही हत्यार माणसांना दगा देत होते.

गॅरंड रायफलीचीही गोष्ट याच जातीची, मात्र तिच्यात जीवितहानीपेक्षा यंत्रहानी अधिक. १९३६ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारलेल्या या रायफलीचे वायुछिद्र नळीच्या तोंडाजवळ आहे आणि तेथून चेंबरपर्यंत जाणारा लांब, वळणदार दांडा बोल्ट हलवितो. मंद जळणाऱ्या दारूचे, भारी गोळीचे काडतूस तिच्यात झाडले तर चेंबरचा दाब हाताने उघडावयाच्या रायफलीत आदर्श ठरेल असा असूनही छिद्राशी दाब इतका राहतो की तो दांडा वाकतो. पुंगळी पाहणाऱ्यास या दुर्घटनेची पूर्वसूचना पितळावर कोठेही लिहिलेली सापडत नाही.

येथे अधिक मूलभूत अशा एका मुद्द्याकडे वळले पाहिजे. पुंगळीवरच्या खुणा काय सांगतात? पितळ केव्हा हरले, एवढेच त्या सांगतात. पोलाद केव्हा थकले हे त्या सांगत नाहीत. चांगल्या आधुनिक पुंगळीचे बूड बरेच टणक असते आणि दाब मानकाच्या पुष्कळ पुढे गेल्यावरच ते दबते, तेही प्रत्येक घाण्यातील पितळाच्या टणकपणावर अवलंबून. ६.५ ग्रेंडेल या काडतुसाची मर्यादा ‘सामी’ने ५२,००० पौंडांवर ठेविली आहे, .२२३ रेमिंग्टनपेक्षाही खाली. कारण असे की, रुंद बुडाच्या त्या पुंगळीसाठी एआर जातीचा बोल्ट आतून अधिक कोरावा लागतो, त्याच्या दातांजवळचे पोलाद पातळ होते, आणि रुंद बुडावर येणारा रेटाही अधिक असतो. पुंगळी स्वतः त्याहून कितीतरी अधिक दाब निमूटपणे सोसेल. अशा रायफलीत खुणा दिसेपर्यंत माप वाढवीत जाणारा मनुष्य पुंगळीची परीक्षा घेत असतो, आणि त्या परीक्षेची फी बोल्ट भरत असतो. एके दिवशी त्याचा दात तडकतो, तेव्हा मेजावर मांडलेल्या पुंगळ्या सर्वच्या सर्व निर्दोष दिसत असतात. ‘ट्रॅपडोअर’ सारख्या जुन्या रायफली लक्षात घेऊन .४५–७० काडतुसाची मर्यादा तर ‘सामी’ने २८,००० पौंडांवरच ठेविली आहे. तेथे पहिली खूण पुंगळीवर उमटेल तेव्हा रायफल शाबूत असेल याची शाश्वती कोणी द्यावी?

जो वैद्य यंत्र हाताशी असून रक्तदाब मोजीत नाही आणि रोग्याचे डोळे लाल झाले नाहीत एवढ्यावरून त्यास घरी धाडतो, त्याला आपण काय म्हणू? दाब मोजण्याची गरज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच ओळखली गेली होती. अमेरिकी लष्करातील थॉमस रॉडमन यांनी तोफांसाठी दाबमापक योजिला, आणि पुढे इंग्लंडात अँड्र्यू नोबल यांनी तांब्याचा लहानसा दंडगोल वायूच्या रेट्याने चेपवून त्याच्या आखूडपणावरून दाब काढण्याची पद्धत रूढ केली. ती शंभर वर्षे पुरली. विशेष हे की, मोजण्यासाठीच घडविलेले ते तांबेसुद्धा खरे बोलत नव्हते. .३०८ आणि .२२३ या दोन्ही काडतुसांची मर्यादा तांब्याच्या परिमाणात ५२,००० अशी एकच होती. विद्युत्‌स्फटिकाच्या आधुनिक मापकाने मोजले तेव्हा एकाची ६२,००० आणि दुसऱ्याची ५५,००० पौंड अशी निराळी ठरली. तांबे मंद असते, दाबाचे टोकदार शिखर त्याच्या हाती पुरते लागत नाही. मोजून कापलेला, तपासलेला, कोष्टकासह पुरविलेला तांब्याचा दंडगोल जेथे चुकतो, तेथे कोणत्याही यंत्रावर न तपासलेल्या, कितव्यांदा भरली हे नक्की आठवत नसलेल्या पुंगळीचे पितळ उजेडात धरून पाहणाऱ्या डोळ्यांवर किती भिस्त ठेवावी, याचा विचार प्रत्येकाने करावा. खडकीच्या १८६९ सालच्या दारूगोळा कारखान्यापासून ते भुसावळजवळच्या वरणगावपर्यंत जे लोक हा व्यवसाय पोटासाठी करतात, त्यांच्या जगात दाब हा मोजावयाचा आकडा असतो.

दाब ऋतूनुसारही बदलतो, आणि तो विषय भारतीय वाचकास अधिक जवळचा वाटेल. इंग्रज शिकारी आपल्या दुनळी रायफली घेऊन या देशाच्या अरण्यांत हिंडत त्या काळात पुढे त्यांच्या काडतुसांत कॉर्डाइट ही दारू येऊ लागली, आणि इंग्लंडच्या थंडीत सुखाने उघडणाऱ्या त्या रायफली येथील उन्हाळ्यात पुंगळी सोडीनाशा होत. कारण तापलेली कॉर्डाइट अधिक दाब देई. त्यावर उपाय म्हणून उष्ण कटिबंधासाठी कमी दारूची निराळी काडतुसे तयार करण्यात आली, आणि मोठ्या शिकारीची कित्येक काडतुसे मुळातच सौम्य दाबावर आखण्यात आली. मेळघाटात वा चंद्रपूरकडे वैशाखात पायी फिरलेल्या कोणासही याचे नवल वाटणार नाही. आजच्या दारूंपैकी काही उष्णतेस बऱ्याच अंशी न जुमानणाऱ्या आहेत, पण सर्व नाहीत. डिसेंबरात मिनेसोटाच्या बर्फात ठरविलेले ‘खुणा न दाखविणारे’ कमाल माप जुलैत ॲरिझोनाच्या वाळवंटात, गाडीत तापलेल्या डब्यातून काढून, दहा-वीस फैरींनी आधीच तापलेल्या चेंबरमध्ये घातले म्हणजे ते तेच माप राहत नाही.

शिवाय दाब केवळ दारूच्या मापाने वाढत नाही. वारंवार झाडून व दाबून पुंगळीची मान लांबते. ती वेळीच कापली नाही तर चेंबरच्या टोकाशी चिमटली जाते आणि गोळीला सुटण्यास जागा देत नाही. अर्धस्वयंचलित रायफलीत काडतूस मॅगझिनमधून वेगाने चेंबरमध्ये ढकलले जाताना गोळीचे नाक चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर आदळते. मानेची पकड ढिली असेल तर गोळी आत सरकते, आतील अवकाश घटतो, आणि तराजूवर अचूक ठरलेले काडतूस अतिदाबाचे होते. ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी पुंगळ्यांचे पितळ पुष्कळदा जाड असते, त्यामुळे तेच माप त्यांत अधिक दाब देते. .२२३ साठी कोरलेल्या चेंबरमध्ये ५.५६ नाटो काडतूस झाडले तर नळीच्या सुरुवातीचा मोकळा भाग आखूड असल्याने दाब चढतो. यांतील प्रत्येक गोष्ट एखाद्याच फैरीत घडू शकते, आणि मेजावर आधी तपासलेल्या चार-पाच पुंगळ्या तिच्याविषयी काहीही सांगू शकत नाहीत.

जुन्या जाणत्यांची कैफियत मला ठाऊक आहे. आम्ही चाळीस वर्षे असेच करीत आलो, आमची बोटे शाबूत आहेत, आणि प्रयोगशाळा काय प्रत्येकाच्या घरी असते, असे ते म्हणतात. त्यांच्या अनुभवाविषयी मला आदर आहे, आणि त्यातील काहींची नजर खरोखरच तयार असते. पण त्यांचा बहुतेक अनुभव हाताने बोल्ट उघडावयाच्या रायफलीचा, जेथे तळवा डोळ्यांच्या साहाय्याला असतो. तो अर्धस्वयंचलित रायफलीला जसाच्या तसा लागू करता येत नाही. आणि प्रयोगशाळा घरी नसली तरी तिचा निष्कर्ष छापील कोष्टकाच्या रूपाने घरी येतो. दारू व गोळ्या बनविणाऱ्या कंपन्या आपली मापे दाबमापक नळीत तपासून प्रसिद्ध करतात, आणि काही मार्गदर्शिकांत गॅरंडसारख्या वायुचालित रायफलींसाठी स्वतंत्र प्रकरणे असतात. त्यांखेरीज गोळीचा वेग मोजणारे यंत्र आज सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आले आहे, आणि त्याची साक्ष पुंगळीपेक्षा कितीतरी सरळ आहे: तीच दारू, तीच गोळी, तेवढ्याच लांबीची नळी असून वेग कोष्टकापेक्षा अधिक येत असेल, तर तो जादा वेग जादा दाबातूनच आलेला असतो.

म्हणून टेक्सासात, ओहायोत, कोठेही असलेल्या माझ्या मराठी बंधुभगिनींस माझी कळकळीची विनंती अशी आहे. कोष्टक आपल्याच जातीच्या रायफलीसाठी आहे याची खात्री करून खालच्या मापापासून आरंभ करा. कोष्टकातील कमाल माप किंवा कोष्टकातील वेग, यांपैकी जे आधी येईल तेथे थांबा, मग पुंगळी कितीही निष्कलंक दिसो. पुंगळीचा प्रकार, प्राइमर, दारू वा गोळी यांपैकी एक जरी बदलली तरी पुन्हा खालून सुरुवात करा. वायूचे प्रमाण जुळविण्यासाठी दारूचे माप वाढवू नका. त्यासाठी छिद्र, स्प्रिंग आणि बफर आहेत. आणि अतिदाबाची एखादी खूण कोणत्याही पायरीवर दिसलीच, तर ती आपली मर्यादा सापडल्याची पावती समजून एक पायरी मागे येऊ नका. तेथेच थांबा, उरलेली काडतुसे झाडून संपविण्याचा मोह टाळून ती घरी नेऊन उकला, आणि कारण निश्चित सापडेपर्यंत त्या रायफलीत ते माप पुन्हा घालू नका.